वाइन टेस्टिंग आणि सोबत जेवण: या चुका टाळा

पेअरिंगच्या, म्हणजे प्रत्येक पदार्थासोबत जुळणारी वाइन देण्याच्या, जेवणात सर्वांत जास्त होणारी चूक अगदी साधी आहे: प्लेट यायच्या आधीच ग्लास रिकामा होतो. वाइन आधी ओतली जाते, ती कुठल्या द्राक्षाची हे कुणीतरी सांगतं, टेबलावर गप्पा रंगतात आणि ग्लास नकळत तोंडाला लागत राहतो. दहा मिनिटांनी पदार्थ समोर येतो तेव्हा ग्लासाच्या तळाशी जेमतेम एक घोट उरलेला असतो. मग पदार्थ नुसताच खाल्ला जातो, आणि घरी जाताना ‘वाइन छान होती, जेवणही छान होतं’ एवढंच म्हणता येतं. एवढं म्हणायला दोन्ही एकत्र घ्यायची गरजच नव्हती. अशा जेवणाचे पैसे आपण वाइनचे वेगळे आणि पदार्थांचे वेगळे देत नाही. एकामुळे दुसऱ्यात काय बदललं, हे अनुभवण्याचे देतो.

टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण 50 ते 75 मिलि वाइन मिळते. म्हणजे चार-पाच चांगले घोट, फार तर सहा. त्यांचं वाटप आधीच ठरवून ठेवा. पहिले एक-दोन घोट पदार्थ यायच्या आधी, नुसत्या वाइनचे. बाकीचे पदार्थासोबत. शेवटचा एक मात्र प्लेट संपल्यावर, तोंडात चव अजून रेंगाळत असताना. आणि संपलीच तर वाढणाऱ्याला थोडी अजून मागायला लाजू नका. बहुतेक ठिकाणी बाटली जवळच असते.

घोट, घास, घोट

दुसरी चूक पहिलीच्या पाठोपाठ येते: तोंडात घास असतानाच वर वाइन ओतणं. पाण्यासारखी वाइन प्यायली की घास खाली उतरतो, पण कळत काहीच नाही. क्रम असा ठेवा. आधी वाइनचा घोट, तोंडात दोन-तीन सेकंद फिरवून. मग घास, नीट चावून गिळायचा. आणि मग लगेच पुन्हा घोट. पहिल्या आणि दुसऱ्या घोटात जो फरक पडला, तेवढाच पाहायचा. वाइन जास्त आंबट वाटली की कमी? हिरड्यांवरचा तुरटपणा वाढला की मऊ झाला? फळाचा वास पुढे आला की दबला?

हे ऐकायला किचकट वाटतं, पण टेबलावर मीठ आणि लिंबाची फोड असेल तर दोन मिनिटांत सगळं समजतं. एखादी तुरट रेड वाइन घ्या, काबर्ने सोव्हिन्यों असेल तर उत्तमच. एक घोट घ्या आणि जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. खरखरीत, कोरडं लागेल. ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड ओढल्यासारखं वाटतं. आता चिमूटभर मीठ जिभेवर ठेवा, लिंबाची फोड हलकेच चोखा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन गोलसर, जवळजवळ गोड लागते. आता तोंडात साखरेचे चार दाणे टाका आणि तिसरा घोट घ्या. वाइन एकदम आंबट, कडवट आणि पातळ वाटेल. बाटली तीच, ग्लास तोच.

पेअरिंगचं निम्मं शास्त्र या तीन घोटांत आहे. पदार्थातला आंबटपणा आणि मीठ वाइनला मवाळ करतात. पदार्थातला गोडवा वाइनला कठोर करतो. मशरूम, जुनं चीज, सोया सॉस यांत जी खोल, मांसल चव असते ती उमामी, आणि तीही टॅनिनचा कडवटपणा वाढवते. मात्र त्याच पदार्थात भरपूर मीठ असेल तर तोल पुन्हा सावरतो. म्हणून मुरलेलं, खारट पार्मेजान रेड वाइनला चालून जातं आणि अळणी मशरूम सूप मात्र तिला खडबडीत करून टाकतं. एखादी जोडी बिघडलेली वाटली तर ती आपल्याला कळत नाही असं समजून गप्प बसू नका. पदार्थावर थोडं मीठ भुरभुरा किंवा लिंबू पिळा, आणि पुन्हा घोट घ्या. शेफला राग येईल या भीतीने लोक हे करत नाहीत. पण प्लेटच्या एका कोपऱ्यात करून पाहायला कुणाची हरकत असणार?

फ्रान्समधल्या लॉयर नदीकाठच्या सांसेर वाइनसोबत शाव्हिन्योल गावचं शेळीच्या दुधाचं चीज देतात, ते याच हिशेबाने. दोघांतही तीक्ष्ण आंबटपणा आहे, त्यामुळे एक दुसऱ्याला बोचत नाही. त्याच नदीच्या मुखाकडची मस्कादे वाइन कालवांसोबत देतात. तिथे कालवांचा खारटपणा वाइनची धार बोथट करतो.

तिखटाशी भांडण

तिखट पदार्थासोबत दणदणीत, 14-15 टक्के अल्कोहोलची रेड वाइन ही चूक यजमानाची असली तरी भोगावी पाहुण्याला लागते. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या उष्णता जाणणाऱ्या ग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. त्यामुळे प्रत्येक घोटाने आग वाढते, आणि आग विझवायला माणूस आणखी एक घोट घेतो. टॅनिन त्यात भरच घालतं. तिखटाला हवी कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर आणि चांगली गार वाइन. जर्मनीची थोडी गोड रीसलिंग त्यासाठीच नाव राखून आहे. समोर रेड आलीच असेल तर ती तशीच ठेवा, पदार्थ ब्रेडसोबत खा आणि तोंड शांत झाल्यावर वाइन नुसती प्या. जोडी जुळवण्याचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

मासा आणि रेड वाइन

‘माशासोबत व्हाइटच’ हा नियम अनेकांना जुनाट शिष्टाचार वाटतो. पण त्यामागे एक ठोस कारण आहे. जपानमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीफूडसोबत वेगवेगळ्या वाइन चाखून पाहिल्या आणि तोंडात उरणाऱ्या वशाट चवीचा संबंध वाइनमधल्या लोहाशी जोडला. लोह जास्त असलेल्या वाइनने ती चव वाढली. लोह बांधून ठेवणारा पदार्थ वाइनमध्ये मिसळल्यावर ती कमी झाली. रेड वाइनमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता अधिक, पण सगळ्याच रेडमध्ये ते असतं असं नाही. म्हणून एखाद्या टेस्टिंगमध्ये सॅल्मन माशासोबत हलकी रेड, पिनो न्वार, आली तर नाक मुरडू नका, घोट-घास-घोट करा. तोंडात गंजल्यासारखी, धातूची चव आली तर ही जोडी आपली नव्हे, एवढंच.

घरातून निघण्याआधीच्या चुका

परफ्यूम. यावर फार लिहिण्याची गरज नसावी, तरी प्रत्येक टेस्टिंगमध्ये एक जण असतोच ज्याच्यामुळे आजूबाजूच्या चार खुर्च्यांवर बसलेल्यांना वाइनचा वासच येत नाही. चवीचा मोठा भाग नाकातून कळतो, तोही घास गिळताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासातून. तिथे आफ्टरशेव्ह किंवा उग्र हँडक्रीम आलं की संपलंच.

टूथपेस्टचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्यात फेस आणणारा जो घटक असतो, बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट, तो जिभेची गोड चव काही काळ दाबतो आणि कडू चव उठावदार करतो. दात घासून संत्र्याचा रस प्यायल्यावर येणारी ती वाईट चव आठवा. निदान तासभर आधी दात घासून घ्या. पुदिन्याचं च्युइंग गम आणि कडक कॉफीही टाळा.

उपाशी पोटी जाणं ही आणखी एक चूक. ‘एवढे कोर्स आहेत, दुपारी कशाला जेवायचं’ असा विचार असतो. पण पहिल्या वाइनसोबत येणारा पदार्थ बहुतेकदा दोन घासांचा असतो आणि रिकाम्या पोटात अल्कोहोल झपाट्याने रक्तात मिसळतं. निघण्याआधी हलकं, फारसं मसालेदार नसलेलं काहीतरी खाऊन घ्या.

आणि आपण काय खात नाही, हे नोंदणी करतानाच कळवा. पेअरिंगच्या जेवणात ऐनवेळी पदार्थ बदलला तर वाइनही बदलावी लागते, आणि स्वयंपाकघर ती बदलेलच असं नाही. कडक शाकाहारी किंवा व्हीगन असाल तर वाइनबद्दलही विचारा. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या हवापिशवीपासून काढलेलं इसिंग्लास वापरतात. कोणतंही औषध चालू असेल तर त्यासोबत मद्य चालतं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

हिशेब न ठेवणं

छोट्या ग्लासांमुळे आपण कमी प्यायलो असं वाटतं. करून बघा हिशेब: सहा कोर्स, प्रत्येकी 75 मिलि, म्हणजे 450 मिलि. 750 मिलिच्या बाटलीच्या निम्म्याहून जास्त. सरासरी 13 टक्के अल्कोहोल धरलं तर साधारण 46 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. शरीर तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम बाहेर काढतं. तीन तासांचं जेवण आटोपलं तरी निम्म्याच्या आसपास शरीरात शिल्लक असतं, आणि कॉफी, गार पाणी किंवा तोंडावर मारलेले हबके यांनी त्याचा वेग वाढत नाही. म्हणून गाडीची किल्ली घरीच ठेवून निघा.

थुंकणं हा यावरचा खरा उपाय. व्यावसायिक चाखणारे दिवसाला डझनावारी वाइन चाखतात, ते थुंकतात म्हणूनच. बसून जेवताना ते लोकांना संकोचाचं वाटतं. मग एक अपारदर्शक कप मागून घ्या आणि प्रत्येक वाइनचा पहिला, नुसता चाखायचा घोट त्यात टाका. जेवणासोबतचे घोट प्या. उरलेली वाइन ग्लासात ठेवून पुढे गेलं तरी कुणी अपमान मानत नाही. प्रत्येक वाइनमागे एक ग्लास पाणी, हा नियम मात्र मोडू नका.

तापमान बिघडलंय, वाइन नाही

एखादी व्हाइट वाइन बेचव लागली तर आधी ती किती गार आहे ते बघा. फ्रिजमधून थेट आलेली वाइन चार-पाच अंशांवर असते आणि त्या थंडीत वास जवळजवळ झोपलेला असतो. हलक्या व्हाइटला 8 ते 10 अंश सेल्सिअस, ओकच्या पिंपात मुरलेल्या भारदस्त शार्दनेला 10 ते 13 अंश बरे. ग्लासाचा पोटाचा भाग दोन्ही तळव्यांत धरून दोन-तीन मिनिटं थांबा. एरवी ग्लास दांडीला धरायचा, पण इथे पोटाला धरणं योग्यच.

रेडच्या बाबतीत उलटं होतं. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. भारदस्त रेडला 16 ते 18 अंश पुरतात, हलक्या रेडला 12 ते 14. पंचवीस अंशांच्या पुढे गेलेल्या खोलीत ठेवलेली बाटली उघडली की नाकात आधी स्पिरिट शिरतं आणि वाइन उगाच गोडसर, सैल वाटते. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली दहा मिनिटं ठेवायला सांगा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी लवकर गार करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून भिडतं.

वास विचित्र येतोय, विचारू की नको?

विचारा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास येत असेल तर बहुधा तो ‘कॉर्क्ड’ वाइनचा दोष, म्हणजे टीसीए नावाचं संयुग. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढं अत्यल्प टीसीएसुद्धा जाणवतं. गंमत अशी की फार कमी प्रमाणात असताना त्याचा स्वतःचा वास येतच नाही, ते फक्त बाकीचे वास दाबून टाकतं. शेजारच्या टेबलावरचे लोक त्याच वाइनमधल्या चेरीबद्दल बोलत असतील आणि तुम्हाला काहीच येत नसेल, तर तुमच्या ग्लासातली वाइन दुसऱ्या बाटलीतली आहे का, ते विचारून घ्या. नाकाला दोष देण्याची घाई नको.

काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास बऱ्याचदा ग्लास फिरवल्यावर आणि थोडी हवा लागल्यावर निघून जातो. पाच मिनिटं द्या. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका किंवा काळवंडलेल्या सफरचंदाचा वास मात्र हवेने जात नाही. सफरचंदाचा हा वास काही शेरीसारख्या वाइनमध्ये मुद्दाम आणलेला असतो, तेव्हा तक्रार करण्याआधी वाइन कोणती ते विचारा. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात. जुन्या रेडमधला गाळही निरुपद्रवी, फक्त शेवटचा घोट सोडून द्या.

लेबल आधी वाचणं

बाटलीचं नाव, वर्ष, किंमत ऐकली की जीभ तेच शोधू लागते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या टेस्टिंगमध्ये फ्रेंच परीक्षकांनी फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनना लेबल न पाहता गुण दिले, आणि रेड व व्हाइट अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. तेव्हा जमलं तर पहिला घोट माहिती ऐकण्याआधीच घ्या आणि दोन शब्द मनात नोंदवा. नंतर ऐका.

त्याच कारणाने शंभरापैकी गुण देण्याच्या फंदात पडू नका. पेअरिंगमध्ये एकटी वाइन ‘किती चांगली’ याला फारसा अर्थ नाही. एखादी किरकोळ, आंबट व्हाइट तळलेल्या माशासोबत टेबलावरची सर्वांत लाडकी ठरते. वहीत लिहायचंच तर कशासोबत काय झालं ते लिहा. बाकी फोटो हवे तेवढे काढा, पण गरम पदार्थ निवेपर्यंत आणि स्पार्कलिंगचे बुडबुडे मरेपर्यंत नको.

दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं खापर

ते सर्रास सल्फाइटवर फुटतं. पण सुकामेव्यातल्या जर्दाळूसारख्या फळांत वाइनपेक्षा कितीतरी जास्त सल्फाइट असू शकतं आणि तेवढं खाऊन बहुतेकांचं डोकं दुखत नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट बाधू शकतं, त्यांनी जपावंच. रेडमुळेच का दुखतं, यावर 2023 मध्ये एक मांडणी आली: द्राक्षाच्या सालीतल्या क्वेर्सेटिनपासून शरीरात तयार होणारं एक संयुग अल्कोहोल पचवण्याच्या वाटेतलं एक एन्झाइम अडवत असावं. ही अजून कल्पनाच आहे. वरचा 46 ग्रॅमचा हिशेब आणि कमी प्यायलेलं पाणी ही कारणं मात्र जुनी आणि पक्की.

गोड शेवट बिघडू देऊ नका

शेवटच्या कोर्सपर्यंत लोक सैलावलेले असतात आणि नेमकी इथे सर्वांत ठळक चूक होते. केकसोबत ब्रूट, म्हणजे कोरडी, शॅम्पेन. ब्रूटमध्ये साखर लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असते, आणि क्रीम-साखरेच्या घासानंतर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागते. डेझर्टसोबतची वाइन डेझर्टपेक्षा गोड हवी. साखर लिटरला 32 ते 50 ग्रॅम असलेली डेमी-सेक हलक्या फळांच्या डेझर्टला चालते. गर्द चॉकलेटला पोर्ट ही गोड, कडक वाइन लागते. सोतर्न या गोड वाइनसोबत डेझर्टऐवजी रॉकफोर चीजचा तुकडा येणार असेल तर तो कोर्स चुकवू नका. बुरशीच्या चीजचा टोकदार खारटपणा आणि मधासारखी वाइन ही जोडी घोट-घास-घोट करून पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही.

यजमानाने डेझर्टसोबत कोरडी वाइनच ओतली असेल, तर ती डेझर्टला हात लावण्याआधी पिऊन टाका किंवा उरलेल्या चीजसोबत संपवा. मग चमचा उचला, आणि सोबत पाणी घ्या.